रंकाळ्यावर पोलरायझर लावला, पाण्यातलं आभाळ गेलं आणि पिशवी दिसली

नवा_शटरवाला | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचक होतो, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

मामेभावानं नवा कॅमेरा घेतला, म्हणून त्याचा जुना डीएसएलआर माझ्याकडं आला. सोबतची १८-५५ मिमीची झूम लेन्स. यूट्यूबवर बघून नऊशे रुपयांचा सीपीएल, म्हणजे सर्क्युलर पोलरायझर फिल्टर मागवला, ५८ मिमीचा. व्हिडिओतला माणूस फिल्टर लावतो आणि आकाश निळंशार होतं. म्हटलं आपणही करू.

आज सकाळी आठला रंकाळा चौपाटीवर गेलो. पलीकडं शालिनी पॅलेस, वारा नाही, केंदाळही त्या बाजूला नव्हतं. १८ वर, म्हणजे सर्वांत रुंद चौकटीवर ठेवून वीस-पंचवीस फोटो काढले. घरी येऊन बघतो तर सगळे अंधारे. उजवीकडचं आकाश गडद, डावीकडचं पांढुरकं, मधे कुणी ओला बोळा फिरवल्यासारखं. चारी कोपरे काळे. आणि पायापाशी पाण्यात जे आभाळ उतरलं होतं, ज्यासाठी सुट्टीच्या दिवशी सहाला उठलो, ते गायब. तिथं तळाचे दगड आणि निर्माल्याची पिशवी स्वच्छ दिसतीय.

आईला दाखवलं तर म्हणाली, "पिशवीचा फोटो काढायला गेलातास होय?"

फिल्टर डुप्लिकेट आहे का माझंच काही चुकतंय?

तांबडा_पांढरा | रविवार, रात्री ९:२०

पिशवी स्वच्छ दिसली म्हणजे फिल्टर एक नंबर आहे भावा. महानगरपालिकेला दाखव फोटो.

घाटवाट | रविवार, रात्री ९:४१

फिल्टर चांगला आहे. त्यानं त्याचं काम केलं, तुला ते काम नको होतं एवढंच.

आधी आकाश. पोलरायझरचा परिणाम सगळ्या आकाशावर सारखा होत नाही. सूर्यापासून काटकोनात जो पट्टा असतो तिथं सर्वांत जास्त, सूर्याच्या बाजूला आणि त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला जवळपास शून्य. सकाळी आठला सूर्य पूर्वेला, तुझ्या पाठीमागं जरा उजवीकडं. चौकटीच्या उजव्या कडेला उत्तर, म्हणजे काटकोन, म्हणून तिकडं गडद. डाव्या कडेला पश्चिम, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर, म्हणून पांढुरकं. १८ मिमीवर आकाशाचा एवढा मोठा तुकडा चौकटीत येतो की दोन्ही एकदम दिसतात. ३५ च्या पुढं गेलास की हा डाग जाणवत नाही.

सोपी युक्ती: तर्जनी सूर्याकडं रोख, अंगठा काटकोनात ताण, आणि तर्जनी न हलवता मनगट फिरव. अंगठा जिथून जिथून जाईल तिथलं आकाश सर्वांत जास्त गडद होणार.

तांबडा_पांढरा | रविवार, रात्री ९:४८

आत्ता गच्चीवर जाऊन करून बघितलं. रात्र आहे हे विसरलो. शेजारचे काका विचारायला लागले, कुणाला बंदूक दाखवतोयस.

डार्करूम_काका | रविवार, रात्री १०:०५

बाळ, एक प्रश्न. फिल्टर लावल्यावर तो फिरवलास का?

नवा_शटरवाला | रविवार, रात्री १०:०७

फिरवून घट्ट बसवला ना काका.

डार्करूम_काका | रविवार, रात्री १०:२९

तसं नव्हे. सीपीएलला दोन कड्या असतात. मागची लेन्सच्या आट्यांत बसते, पुढची काचेसकट मोकळी फिरते. डोळा व्ह्यूफाइंडरला लावून पुढची कडी हळूहळू फिरवायची आणि बघत राहायचं. पाव फेरीत परिणाम शून्यापासून पूर्ण होतो, पुढच्या पाव फेरीत परत शून्य. हवा तिथं थांबायचं. कॅमेरा आडव्याचा उभा केला की पुन्हा फिरवायचं. तुझा योगायोगानं पुऱ्या जोरावर थांबला होता, म्हणून आभाळ गेलं.

आणखी एक. जुन्या १८-५५ मध्ये बऱ्याच लेन्सचं तोंडच फोकस करताना फिरतं. तू कडी नीट लावतोस, मग बटण अर्धं दाबतोस, लेन्स गर्रकन फिरते आणि तुझी मेहनत पाण्यात. तसली असेल तर आधी फोकस, मग फिल्टर, मग फोटो.

फिरवताना कडी नेहमी फिल्टर घट्ट होण्याच्या दिशेनंच फिरवायची. उलट फिरवायची सवय लागली की एक दिवस अख्खा फिल्टर सुटून हातात येतो, किंवा हातात येतच नाही. माझा एक पंचगंगा घाटावर पायऱ्या मोजत मोजत नदीत गेला. १९९४ ची गोष्ट. आवाज अजून कानात आहे.

अंधारे का आले ते सांग. मॅन्युअलवर होतास?

नवा_शटरवाला | रविवार, रात्री १०:३६

फिरवायचा असतो??? व्हिडिओत तो माणूस बोटानं काहीतरी करत होता, मला वाटलं धूळ पुसतोय.

हो, मॅन्युअल. मागच्या रविवारचंच सेटिंग होतं, तेव्हा फिल्टर नव्हता.

घाटवाट | रविवार, रात्री १०:४४

मग अंधाराचा हिशोब लागला. पोलरायझर दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). ऑटोवर असतास तर कॅमेऱ्यानं भरून काढलं असतं, फक्त शटर मंद होऊन हात हलला असता.

कोपरे काळे का? खाली आणखी एखादा फिल्टर आहे का, यूव्ही वगैरे? दोन एकावर एक चढले की १८ वर कडा चौकटीत येते.

नवा_शटरवाला | रविवार, रात्री १०:४७

नाही, दुसरं काही लावलेलं नाही. लेन्स जशी आली तशीच आहे.

पूर्वीचा_राजारामपुरी | सोमवार, सकाळी ८:१५

पुण्यातून लिहितोय, राग मानू नये. २०२६ चालू आहे. आकाश गडद करायला काच कशाला लागते? सॉफ्टवेअरमध्ये आकाश निवडा, निळ्याची स्लायडर खाली ओढा, धूसरपणा घालवणारं डिहेझ मारा. नऊशे रुपयांत चार मिसळी आणि वर चहा झाला असता.

घाटवाट | सोमवार, सकाळी ९:०२

आकाशापुरतं मान्य. मी स्वतः आकाशासाठी आता फिल्टर लावतच नाही. पण पाण्यावर चकाकी पडली आणि खालचा दगड सेन्सरपर्यंत पोचलाच नाही, तर तो कुठल्या स्लायडरनं आणणार? जे टिपलं गेलं नाही ते ओढून निघत नाही.

पूर्वीचा_राजारामपुरी | सोमवार, सकाळी ९:१०

एआय काढून देतो दगड.

तांबडा_पांढरा | सोमवार, सकाळी ९:११

दगड देईल ओ, निर्माल्याची पिशवी आमचीच पायजे.

जवमणी | सोमवार, दुपारी १:३०

मी गुजरीतल्या दोन-तीन दुकानांसाठी दागिन्यांचे फोटो काढतो, आणि चप्पल लाइनमधल्या एका ओळखीच्यांसाठी कोल्हापुरी चपलांचे. दोन्हीकडं पोलरायझरचा अनुभव उलटा आहे, म्हणून लिहितो.

चपलेला फिल्टर लई भारी. तेल पाजलेल्या चामड्यावर खिडकीचा पांढरा पट्टा पडतो, त्यात वेणीची वीण बुडून जाते. कडी फिरवली की पट्टा विरतो आणि चामड्याचा खरा रंग वर येतो. एका चपलेत किती छटा असतात ते तेव्हा कळतं.

सोन्याला मात्र हाच फिल्टर ढिम्म. धातूवरून परतलेला उजेड चामड्या-काचेवरून परततो तसा एका दिशेत बांधला जात नाही, त्यामुळं कडी कितीही फिरवा, जवमण्यांवरचा डोळा दिपवणारा ठिपका तसाच. दिव्यावरही पोलरायझरची शीट लावली आणि लेन्सवरचा फिल्टर काटकोनात फिरवला तर तो जातो. एकदा हौसेनं केलं. साज असा दिसला की जणू पिवळ्या पुठ्ठ्यातून कातरलाय. सराफ म्हणाले, "हे घालून कोण लग्नाला जाईल?" तेव्हापासून मी दिव्यापुढं बटर पेपर धरतो, चकाकी मऊ करतो, मारत नाही.

पूर्वीचा_राजारामपुरी | सोमवार, दुपारी २:०४

जवमणीदादा, चपलेच्या वेळी दिवा कुठल्या कोनात ठेवता?

जवमणी | सोमवार, दुपारी २:१०

दादा न्हाई, ताई. राजारामपुरी सोडून किती वर्षं झाली म्हणायची? आमच्यात बायका पण "येतो, जातो, करतो"च म्हणतात.

दिवा बाजूनं, जरा मागून. कोन डोळ्यानं बघत ठरवतो.

पूर्वीचा_राजारामपुरी | सोमवार, दुपारी २:१२

माझी आजी पण असंच बोलायची. विसरलो. कान धरले.

प्रकाशमास्तर | सोमवार, रात्री ८:५०

जवमणीताईंचा प्रतिसाद आवडला. निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

पाणी किंवा काच यांवरून परतणारा उजेड एका विशिष्ट कोनात पूर्ण ध्रुवीत होतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत बांधली जातात. याला ब्रूस्टर कोन म्हणतात. पाण्यासाठी तो उभ्या रेषेपासून सुमारे ५३ अंश, म्हणजे पाण्याच्या सपाटीपासून ३७ अंश. धागाकर्त्याचा कॅमेरा पाण्यापासून पाच फूट उंच धरला, तर हा कोन साधारण साडेसहा फुटांवरच्या पाण्यात जुळतो. पिशवी तेवढ्याच अंतरावर असणार.

आता उलट प्रश्न: पॅलेसचं प्रतिबिंब गेलं का? माझा अंदाज, नाही. कारण पलीकडच्या काठाचं प्रतिबिंब पाण्याला अगदी चाटून येतं, तिथं उजेड फारच थोडा ध्रुवीत असतो आणि फिल्टरची मात्रा चालत नाही. काचेचंही तेच. महाद्वार रोडवरच्या दुकानाच्या काचेसमोर नाकासमोर उभं राहून कडी फिरवली तर स्वतःचं तोंड जात नाही. जरा तिरपं उभं राहावं लागतं, काचेचा कोन सुमारे ५६ अंश.

परतलेला उजेड ध्रुवीत असतो ही गोष्ट सापडली तीही एका राजवाड्यापायी. १८०८ साली पॅरिसमध्ये एतिएन-लुई मालुस घरातून एका स्फटिकातून लक्झेंबर्ग राजवाड्याकडं बघत होता. खिडक्यांवर मावळत्या सूर्याचा उजेड चमकत होता. त्या स्फटिकातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. त्यानं तो फिरवला तशी एक अंधुक झाली, मग दुसरी. आपण बोटानं कडी फिरवतो तेव्हा तेच करतो. पातळ शीटच्या रूपातला पोलरायझर मात्र बराच उशिरा आला, एडविन लँडनं १९२९ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला.

आणि आपले सी. व्ही. रामन! १९२१ च्या बोटीच्या प्रवासात त्यांच्याजवळ निकोल प्रिझम, म्हणजे पोलरायझरचं काम करणारा स्फटिक होता. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळं, असं तेव्हा मानत. रामननी ब्रूस्टर कोनात प्रिझममधून बघून ते प्रतिबिंबच पुसून टाकलं. निळा रंग गेला तर नाहीच, उलट गडद झाला. म्हणजे निळाई पाण्याची स्वतःची. नवा_शटरवाला, तू रंकाळ्यावर तोच प्रयोग केलास. रामनना समुद्राचा रंग सापडला, तुला पिशवी.

नवा_शटरवाला | सोमवार, रात्री ९:०३

सर, आत्ताच फोटो उघडून बघितला. पॅलेसचं प्रतिबिंब आहे! पिवळसर, लांबुळकं, पण आहे. मी पिशवीच्या दुःखात बघितलंच नव्हतं.

गळ_टाकून | सोमवार, रात्री ९:३०

कॅमेऱ्यातलं कळत नाही, पण आम्ही मासे धरणारे हे कायम वापरतो. पोलराइज्ड गॉगल घातला की पाण्यावरची झाक जाते आणि काठालगतचा मासा दिसतो. गड्यांनो, फिल्टर नसेल तर तसला गॉगल मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढं धरा आणि फिरवा, काम होतं. फक्त तोच गॉगल घालून पेट्रोल पंपावर गेलो आणि पैसे द्यायला मोबाईल आडवा धरला, तर स्क्रीन काळी ठिक्कर. पोराला म्हटलं मोबाईल मेला. पोरगा म्हणाला, काका गॉगल काढा.

उसाचं_पाचट | मंगळवार, सकाळी ७:१८

आमच्याकडं शिरोळला सगळा ऊस. दुपारी पानावर ऊन पडलं की फड हिरवा नव्हे, पांढरट चकाकतो. फिल्टरनं पानाची झाक गेली की मग खरा हिरवा येतो. झाडापानांचं काम मला आकाशापेक्षा जास्त पटलंय, आणि त्याला निळं आकाश लागतच नाही. ढगाळ दिवशी ओल्या पानावर उलट छान चालतो.

पावसाळ्यात राऊतवाडीच्या धबधब्याला तर नक्की न्यावा. ओले काळे दगड चमकायचे थांबतात आणि वर दोन स्टॉप जातात ते पथ्यावरच पडतं. १/१५ सेकंदाचं शटर १/४ वर येतं, पाणी दुधासारखं ओघळतं. ट्रायपॉड मात्र पाहिजे. पन्हाळ्यावर धुकं उतरलं असेल तर पिशवीतच ठेवा, उगाच उजेड घालवतो.

घाटवाट | मंगळवार, सकाळी १०:२५

धबधब्याला +१. पण इंद्रधनुष्य असेल तर सावधान. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले, तुषारांत झकास धनुष्य, मी घाईत कॅमेरा लावला तर व्ह्यूफाइंडरमध्ये काहीच नाही. डोळ्यांना दिसतंय, कॅमेऱ्यात नाही! मिनिटभर वाटलं कॅमेरा बिघडला. कडी पाव फेरी फिरवली आणि धनुष्य उगवलं, तेही आधीपेक्षा रंगदार. शेजारी उभ्या असलेल्या पोरांना दाखवलं, तर दरवाजे सोडून सगळे माझ्याच कॅमेऱ्यात डोकावायला लागले.

गाडीच्या बाजूच्या काचेतूनही काढू नका. करूळ घाटात एकदा काढले, टफन्ड काचेतले ताण रंगीत डागांसारखे उमटले.

लाल_माती | मंगळवार, रात्री १०:१०

तालमीत लावून बघितला कुणी? मी बघितला. पैलवानाच्या अंगावर घामाची, तेलाची झाक असते, त्यावरच खांदा आणि पाठ उठून दिसते. फिल्टरनं ती पुसली की अंग मातीच्या गोळ्यासारखं सपाट. शिवाय तालमीत उजेड आधीच कमी. आमचा पैलवान फोटो बघून म्हणाला, "आजारी दिसतोय की मी." पुन्हा नेला नाही.

तांबडा_पांढरा | मंगळवार, रात्री १०:१६

एक शंका. सर्क्युलर म्हणजे गोल ना? मग सगळेच फिल्टर गोल असतात की.

डार्करूम_काका | बुधवार, सकाळी ६:४०

चौकोनी पण असतात. इथं सर्क्युलर हा उजेडाचा गुण. आमच्या वेळी साधे लिनियर होते, उजेड एका सरळ दिशेत बांधणारे, स्वस्त आणि झकास. मग ऑटोफोकसवाले कॅमेरे आले. त्यांच्या आत अर्धपारदर्शक आरसा असतो, तो उजेडाचा काही भाग फोकस आणि उजेड मोजणाऱ्या मीटरकडं पाठवतो. लिनियरमधून आलेला उजेड त्या आरशाचा हिशोब बिघडवतो, मीटर थापा मारायला लागतो. म्हणून लिनियरच्या मागं आणखी एक थर चिकटवतात, तो उजेडाला गोल फिरता करतो. मिररलेसमध्ये तो आरसाच नाही, तिथं जुना लिनियरही बहुतेक चालतो.

डुप्लिकेटची शंका असेल तर आरशासमोर उभे राहा. फिल्टरची आट्यांची बाजू आरशाकडं करा आणि फिल्टरमधून आरशातल्या फिल्टरकडं बघा. काळा दिसला तर सर्क्युलर. उलटा करून बघितला की पारदर्शक दिसला पाहिजे. दोन्हीकडून पारदर्शक असेल तर सर्क्युलर म्हणून लिनियर गळ्यात मारलाय. आणि आरशात फिरवून काहीच समजेना, तर टीव्हीच्या स्क्रीनसमोर फिरवा. उजेड कमी-जास्त झाला नाही तर ती नुसती काळी काच.

तांबडा_पांढरा | बुधवार, सकाळी ९:००

मुद्दा समजला काका. आरशासमोर जाऊन आलो. फिल्टर नाही माझ्याकडं, पण दाढी करायची राहिलीय हे कळलं.

कोपेश्वर_वारी | गुरुवार, रात्री ९:२०

कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातल्या स्वर्गमंडपात नेऊन बघा. ४८ खांब, त्यांतले काही इतके गुळगुळीत घासलेले की वरच्या गोल झरोक्यातला उजेड त्यांच्यावर सांडल्यासारखा दिसतो. कडी फिरवली की झाक जाऊन दगडाचा काळेपणा आणि घडणीच्या कडा दिसतात. पण मला ती झाक पूर्ण घालवलेली आवडत नाही. हजारभर मैल लांबून आलेला माणूस त्या गुळगुळीतपणाला हात लावतो, फोटोत तो गुळगुळीतपणाच नसेल तर काय उपयोग. मी निम्म्यावर थांबवतो.

जवमणी | गुरुवार, रात्री ९:३५

निम्म्यावर थांबवणं हेच खरं. सगळे लोक कडी एकदम टोकापर्यंत नेतात.

नवा_शटरवाला | पुढचा रविवार, सकाळी १०:५०

मंडळी, आज परत गेलो. सगळ्यांचं ऐकून गेलो.

३५ वर काढले, आकाश एकसारखं. आधी फोकस, मग कडी. माझ्या लेन्सचं तोंड फिरतंच, काकांनी बरोबर ओळखलं. पायापाशीचं पाणी तीन प्रकारे काढलं: फिल्टर शून्यावर, निम्म्यावर, पूर्ण. निम्म्यावरच्यात ढगही आहेत आणि काठाजवळच्या पायरीची शेवाळ पण. पिशवी अजून तिथंच आहे, हलली नाही.

आईला तिन्ही दाखवले. तिनं शून्यावरचा निवडला. म्हणाली, "हा बरा, यात घाण दिसत नाही."

आता नवा घोळ. काकांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक वेळी घट्ट होण्याच्याच दिशेनं कडी फिरवली. दीडशे फोटो झाले असतील. आता फिल्टर लेन्सवर असा बसलाय की निघत नाही. रुमालानं धरून बघितलं, बाबांनी बघितलं, शेजारच्या जिमवाल्यानं बघितलं.

डार्करूम_काका | रविवार, सकाळी ११:०२

पक्कड घेऊ नकोस! जोरानं दाबूही नकोस, दाबलं की कडी लंबगोल होते आणि आणखी अडकते. भाजीच्या जुडीचा रुंद रबर घे, मागच्या कडीभोवती गुंडाळ, पुढच्या नव्हे. बोटं चारी बाजूंनी सारखी ठेवून हलक्या हातानं उलट फिरव.

तांबडा_पांढरा | रविवार, सकाळी ११:०५

मेथीच्या जुडीचा रबर चांगला असतो. कोथिंबिरीचा बारीक पडतो.

नवा_शटरवाला | रविवार, सकाळी ११:४०

निघाला! मेथीच्याच रबरानं.

पण एक नाही, दोन निघाले. सीपीएलच्या खाली आणखी एक पातळ काच होती, तिच्या कडेवर बारीक अक्षरांत "यूव्ही" लिहिलंय. मामेभावाला फोन केला, तर म्हणतो, "अरे हो, लेन्स घेतली त्या दिवशीच दुकानदारानं बसवून दिलेली, मी कधी काढलीच नाही."

आता हे दोघं एकमेकांना चिकटलेत. मेथी संपली. पुढं?

घाटवाट | रविवार, सकाळी ११:४४

तरी मी पहिल्याच दिवशी विचारलेलं की खाली यूव्ही आहे का!

डार्करूम_काका | रविवार, सकाळी ११:५१

आता दोन रबर लागतील. दोन्ही कड्यांना एकेक, आणि उलट दिशेनं. नाही जमलं तर संध्याकाळी घरी घेऊन ये, मंगळवार पेठेत आहे मी. येताना मेथी आण.